बेचिराख गावे

वडूजला आमच्या घरी रात्रीची जेवणे झाली की टीव्हीसमोर बैठक बसते. मालिकांचा वीट आला की कोणीतरी लुप्त झालेल्या प्राचीन संस्कृतींवरचा माहितीपट लावतो. एकेकाळी आम्ही हे माहितीपट मोठ्या असोशीने पाहत असू. आता पहिल्या पाच मिनिटांत पुढचे सारे सांगता येते. वाळवंटावर सूर्य उगवतो. पडक्या भिंतींवरून कॅमेरा सरकतो, ढोल वाजू लागतात आणि हिंदीत आणलेला एक जडशीळ आवाज विचारतो की, हे वैभवशाली नगर एके दिवशी अचानक कुठे गेले? मग टोपी घातलेला संशोधक विजेरी घेऊन भुयारात शिरतो, ब्रशने धूळ झटकतो आणि आता काही सापडणार एवढ्यात जाहिराती सुरू होतात. त्या संपल्या की तोच आवाज आतापर्यंतचे सारे पुन्हा पहिल्यापासून सांगतो. माया असोत, अंगकोर असो की मोहेंजोदडो, नावे तेवढी बदलतात. आमच्या घरातली मुले तर त्या आवाजाच्या आधीच वाक्य म्हणून दाखवतात.

यामागे धंद्याचे गणित आहे. एकच चित्रफीत अनेक देशांत विकायची असते. निवेदकाचा चेहरा दिसत नसला की आवाज कोणत्याही भाषेत बदलता येतो. प्रेक्षक मध्येच येऊन बसतो, म्हणून त्याला मागचे पुन्हा सांगावे लागते. १९८८ साली दूरदर्शनवर श्याम बेनेगलांचे ‘भारत एक खोज’ सुरू झाले. त्याचे ५३ भाग होते. नाटकीपणा त्यातही होताच, पण पुढच्या भागात गोष्ट पुढे सरकत असे. एक नगर पडले म्हणून इतिहास थांबत नसे. १९९५ मध्ये डिस्कव्हरी वाहिनी भारतात आली आणि हळूहळू हा नवा साचा आमच्या सवयीचा झाला.

हा तोचतोचपणा कंटाळवाणा आहे, एवढीच तक्रार असती तर आम्ही लेखणी उचलली नसती. पण या साच्याच्या पोटात इतिहासाविषयीचे एक विधान दडलेले आहे. संस्कृती एका घावात मरते, असे ते विधान. घाव पुराचा नसेल, भूकंपाचा नसेल, तर मग बाहेरून आलेल्या कोणाचा तरी असला पाहिजे!

याचे सर्वांत बोलके उदाहरण मॉर्टिमर व्हीलर यांचे. १९४४ ते १९४८ या काळात ते भारताच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक होते. उत्खननाला त्यांनी जी शिस्त लावली तिचे ऋण मोठे आहे. परंतु मोहेंजोदडोत पूर्वी सापडलेल्या चाळीसेक सांगाड्यांवरून त्यांनी आर्यांच्या स्वारीत नगरवासीयांची कत्तल झाल्याचे मांडले आणि इंद्राला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. १९६४ मध्ये जॉर्ज डेल्स या अमेरिकन संशोधकाने ते सांगाडे कुठे, कोणत्या थरात मिळाले हे तपासले. ते एका काळाचेही नव्हते, आणि लढाईची शस्त्रे किंवा जळालेला कोट यांचा पत्ताही नव्हता. कत्तल कागदावरच झाली होती. हेच व्हीलर पुढे बीबीसीच्या पडद्यावर इतके गाजले की १९५४ साली ते तिथले वर्षातले टीव्ही व्यक्तिमत्त्व ठरले. गोष्ट कशी रंगवावी हे त्यांना कॅमेरा येण्याआधीच ठाऊक होते, असे आम्हाला वाटते. ‘बाहेरून कोणी आले आणि सारे संपले’ ही पटकथा लिहायला सोपी असते आणि ती साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या काळापुरती कधीच राहत नाही. अशा पटकथेत ‘बाहेरचा’ म्हणून कोणाकोणाला उभे केले जाते हे आमच्या वाचकांना निराळे सांगायला नको.

आता आपल्या महाराष्ट्रातले एक गाव पाहू. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने तेथे बारा हंगाम उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांचा अहवाल १९८८ मध्ये निघाला. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे तेथे वस्ती होती. शंभरावर घरे उकलली गेली. त्यांत पाच खोल्यांचे एक मोठे घर होते, बहुधा मुखियाचे. लहान मुले दगावली की त्यांना दोन रांजणांची तोंडे जुळवून घराच्या जमिनीखालीच पुरत. नदीचे पाणी शेताकडे वळवणारा पाट होता आणि सातूचे पीक मुख्य होते.

या गावाचा शेवट कसा झाला? कोणी चालून आले नाही, आकाशातून काही पडले नाही. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास चौकोनी प्रशस्त घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. शेती घटली, शिकार आणि शेळ्यामेंढ्यांवरचा भार वाढला. पाऊसमान घटले आणि माणसे मेंढपाळीकडे वळली, असे ढवळीकरांचे मत. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ मध्ये तेथल्या मुलांच्या हाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अवर्षणाच्या सोप्या उत्तरावर त्यांनी शंका घेतली आहे, पण उत्तरकाळातल्या मुलांची वाढ खुंटली होती हे त्या हाडांतून दिसतेच. म्हणजे तीनशे वर्षे ते गाव अर्धपोटी राहून टिकले आणि मग उठले. तीनशे वर्षांचे अर्धपोटी जगणे जाहिरातींच्या दोन तुकड्यांमध्ये कसे बसवणार?

आमच्या खटाव तालुक्याला हे समजायला उत्खननही लागत नाही. १३९६ पासून बारा वर्षे दुर्गादेवीचा दुष्काळ पडला, असे परंपरा सांगते. साताऱ्याचा रेसिडेंट राहिलेल्या ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात त्यानंतरची हकीकत दिली आहे. डोंगराळ मुलूख तीस वर्षे जवळजवळ ओस होता. १४२९ मध्ये बहमनी दरबाराने मलिक-उत्-तुज्जारला फौजेसह पाठवले, तेव्हा पहिली मोहीम आमच्या खटाव देशातल्या रामोशांवर झाली. मुलूख पुन्हा वसवण्याचे काम दोघांकडे होते: दरबारचा एक तुर्की खोजा आणि दादो नरसो काळे नावाचा अनुभवी ब्राह्मण. जुन्या गावांच्या शिवा कोणाला आठवत नव्हत्या, म्हणून दोन-तीन गावांचे मिळून एक गाव केले. जो कसेल त्याला जमीन दिली. पहिल्या वर्षी सारा माफ आणि दुसऱ्या वर्षी बिघ्यामागे एक तोबराभर धान्य. तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला चंदीसाठी बांधतात ती पिशवी. माणसे परतावीत म्हणून राज्यसत्ता किती खाली वाकली होती ते या एका मापावरून कळते. दादो नरसो आणि त्या खोजावर मात्र कोणी माहितीपट काढल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

महसुलाच्या दप्तरात ओस गावाला जुना शब्द आहे, ‘बेचिराख’. हल्ली त्याचा अर्थ जळून राख झालेले असा घेतात. मूळ फारसी शब्द बे-चिराग, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असे गाव. राखेचा त्याच्याशी काही संबंध नाही. जमीन असते, नाव असते, कधी कधी शेजारच्या गावातले लोक ती कसतही असतात. फक्त संध्याकाळी तिथे कोणी राहत नाही. टीव्हीवाल्यांना राख हवी असते.

येरळा आमच्या वडूजवरून जाते आणि उन्हाळ्यात तिचे पात्र कोरडे पडते. १९७२ च्या दुष्काळात आमच्या घरातली मोठी माणसे रोजगाराच्या कामावर खडी फोडायला जात होती आणि मुले सुकडी खाऊन दिवस काढत होती. त्या आधीपासून आणि नंतरही खटाव, माण, खानापूर, आटपाडीतली माणसे सोन्याचांदीच्या गलाईसाठी उत्तरेत पंजाबपर्यंत आणि दक्षिणेत केरळपर्यंत गेली. कोणी भट्टीवर राबले, कोणी पुढे स्वतःचे दुकान थाटले. गावी त्यांची घरे आहेत, काही तर नवी दुमजली आहेत, पण बाराही महिने कुलूप. जत्रेला, उरुसाला परमुलखाच्या नंबरपाट्यांच्या गाड्या येतात, दोन रात्री खिडक्यांत उजेड दिसतो. या गाड्यांतून उतरणारी नातवंडे आमच्याशी मराठीत बोलतात आणि आपसात मल्याळममध्ये. उद्या कोणी संशोधक टोपी घालून येथे खणायला आलाच, तर चुली आणि जाती त्याला मिळतील. माणसे कुठे गेली हे मात्र त्याला कोचीच्या सराफकट्ट्यावर जाऊन विचारावे लागेल.