बॉक्सिंग शिकताना: मूलभूत तंत्र, सराव आणि डोक्याची काळजी

बॉक्सिंगमध्ये दोन अवयव विशेष जपावे लागतात: हात आणि डोके. योग्य तंत्राने हात बऱ्याच अंशी सुरक्षित राहतो. डोक्यासाठी मात्र मार न बसणे हाच खरा बचाव आहे.

मूठ आणि मनगट

अंगठा बोटांच्या आत दाबू नका. तो तर्जनी व मधल्या बोटावर बाहेरून आडवा ठेवा. ठोसा याच दोन बोटांच्या मुळाशी असलेल्या उंचवट्यांवर बसावा आणि मनगट सरळ राहावे. करंगळीच्या बाजूने ठोसा बसल्यास तळहातातील पाचवे हाड मोडू शकते. याला ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’ म्हणतात. सूज आली, करंगळीखालचा उंचवटा खचलेला दिसला किंवा मूठ मिटताना करंगळी शेजारच्या बोटावर चढू लागली, तर एक्स-रे काढून घ्या.

उभे राहणे आणि ठोसे

उजव्या हाताच्या व्यक्तीने डावा पाय पुढे ठेवावा. गुडघे किंचित वाकलेले, हनुवटी खाली, दोन्ही मुठी गालांजवळ आणि कोपरे बरगड्यांलगत असावीत.

• जॅब: पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा.
• क्रॉस: मागच्या हाताचा सरळ ठोसा. मागचे पाऊल आणि कंबर वळल्याने त्याला जोर मिळतो.
• हुक: कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा.
• अपरकट: खालून वर जाणारा ठोसा.

प्रत्येक ठोशानंतर हात लगेच गालाजवळ परत आणा.

सराव कसा करावा?

आधी दोरीवरच्या उड्या आणि आरशासमोर शॅडो बॉक्सिंग करा. मनगट सरळ राहू लागले की हाताला पट्टी बांधून, ग्लोव्हज घालून बॅगवर हळू ठोसे मारा. जोर शेवटी वाढवा. तंदुरुस्तीसाठी एवढे पुरेसे आहे. समोरासमोर लढण्याची, म्हणजे स्पारिंगची, गरज नाही.

हेडगार्ड पुरेसे आहे का?

नाही. हेडगार्डमुळे चेहऱ्यावरच्या जखमा कमी होतात. पण ठोशाने डोके झटक्यात फिरले की कवटीच्या आत मेंदूही हलतो आणि कन्कशन होऊ शकते. त्यासाठी बेशुद्ध पडावेच लागते असे नाही. डोकेदुखी, चक्कर, गोंधळ, मळमळ किंवा अंधुक दिसणे ही त्याची लक्षणे आहेत. असे काही जाणवल्यास त्या दिवशी पुन्हा खेळू नये. डॉक्टरांच्या परवानगीशिवाय स्पारिंग सुरू करू नये.

मुलांच्या बाबतीत अधिक सावध राहा. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०११ मध्ये मुलामुलींच्या बॉक्सिंगला स्पष्ट विरोध नोंदवला, कारण या खेळात डोक्यावर मुद्दाम मारले जाते.

रुग्णालयात तातडीने केव्हा न्यावे?

• वारंवार उलट्या किंवा वाढत जाणारी डोकेदुखी
• झटका येणे, शुद्ध हरपणे
• जास्त गुंगी, जागे करणे कठीण होणे
• बोलणे अडखळणे, हातापायात कमजोरी
• डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणे

रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर डोक्याला मार लागल्यावर लक्षणांची वाट न पाहता तपासणी करून घ्या. अशा व्यक्तींनी आणि डोळ्याच्या पडद्याचा आजार असलेल्यांनी स्पारिंग टाळावे. फिट्स, हृदयविकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असल्यास सराव सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.