तांबे विरघळते म्हणून

समुद्रात बुडलेल्या कोणत्याही वस्तूवर काही तासांत जिवाणूंचा बुळबुळीत थर चढतो, मग शेवाळ धरते, आणि काही आठवड्यांत कालवे आणि बार्नेकल येऊन घट्ट बसतात. लाटांवर किंवा भरती-ओहोटीवर वीज करणाऱ्या यंत्रांची यात मोठीच अडचण होते. पाण्यात विष न सोडता हा थर रोखण्याचे आजचे उपाय पर्यावरणाच्या चळवळीतून आले, असे सहसा मानले जाते. मला त्यांचे मूळ दोनशे वर्षांपूर्वी फसलेल्या एका प्रयोगात दिसते. गोष्ट सुरू होते त्या प्रयोगाच्याही आधी: 1761 साली ब्रिटिश नौदलाने ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या लाकडी तळाला तांब्याचा पातळ पत्रा मारला. वेस्ट इंडिजच्या उबदार पाण्यात राहून ती परतली तेव्हा तळ चांगलाच स्वच्छ होता, लाकूड पोखरणारा किडाही शिरला नव्हता. मात्र तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे गंजून गेले होते. शाबूत होते ते मोजकेच. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, त्याचा तुकडा जिथे लोखंड आणि तांबे यांच्यामध्ये राहून गेला होता, तिथले. खाऱ्या पाण्यात दोन धातू एकमेकांना टेकले की त्यांतला एक झिजतो, हे त्या कागदाने दाखवले. पुढे नौदलाने खिळे बदलले आणि 1780च्या दशकात बहुतेक ताफ्याला तांबे चढले.

तांबेही हळूहळू झिजतच होते. 1824 मध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने त्यावर उपाय काढला: पत्र्याला लोखंडाचे किंवा जस्ताचे छोटे तुकडे जोडायचे, म्हणजे ते झिजतील आणि तांबे वाचेल. कोचीनला बांधलेल्या ‘सामारांग’ या जहाजावरही हे तुकडे बसवले गेले. तांबे खरोखरच वाचले. पण वाचलेल्या तांब्यावर शेवाळ आणि बार्नेकल वाढू लागले, जहाजांचा वेग घटला आणि नौदलाने तो उपाय सोडून दिला. डेव्हीच्या वाट्याला नाचक्की आली, तरी या विद्येतला सर्वांत मोलाचा धडा त्यानेच दिला, असे मला वाटते. तांबे विरघळते म्हणून तळ स्वच्छ राहतो. विरघळणे थांबले की राखणही थांबते. नंतर तळाला लावले गेलेले, पाण्यात विष सोडणारे बहुतेक रंग याच वंशातले, आणि 1960च्या दशकात आलेला ट्रायब्युटिल टिनचा रंग हा त्यातला सर्वांत जहाल वारस.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: समुद्र अफाट आहे, चार यंत्रांच्या रंगाने काय बिघडणार? त्याचे उत्तर फ्रान्समधल्या आर्काशों उपसागराने दिले. 1970च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या कालवांची पिल्ले जगेनाशी झाली, मोठ्या कालवांचे शिंपले वेडेवाकडे जाड झाले. दोष निघाला नांगरलेल्या होड्यांच्या रंगात. लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढी मात्राही पुरेशी होती. 1982 मध्ये फ्रान्सने 25 मीटरपेक्षा लहान होड्यांना हा रंग बंद केला; जगभराचा करार 2001 मध्ये झाला आणि 2008 मध्ये लागू झाला. ऊर्जायंत्रे तर एकाच जागी, किनाऱ्याजवळ, वर्षानुवर्षे उभी राहणार. अफाट समुद्राचा हिशेब त्यांना लावता येत नाही.

विषाऐवजी पुढे आला मऊ सिलिकोन. त्यावर बार्नेकल बसतो, पण पकड कच्ची राहते आणि वाहत्या पाण्याने तो निघून जातो. जाणकारांचा आक्षेप इथे रास्त आहे: हा लेप घासला की फाटतो, आणि त्याला गती लागते. जहाज धावते, यंत्र तर जागेवरच असते. मात्र यंत्राचा प्रत्येक भाग स्थिर नसतो. उत्तर आयर्लंडच्या स्ट्रँगफर्ड लॉखमध्ये 2008 साली उभ्या केलेल्या ‘सीजेन’ या भरती-ओहोटीवरच्या यंत्राचे प्रत्येक चक्र 16 मीटर व्यासाचे होते आणि मिनिटाला साधारण 14 फेरे घेई; म्हणजे पात्यांची टोके सेकंदाला अकरा-बारा मीटर वेगाने पाणी कापत. अशा टोकांना सिलिकोन शोभतो. बुंध्याकडे वेग कमी, शिवाय भरती-ओहोटी पालटताना सारेच थांबते. पण सीजेनची चक्रे ज्या आडव्या तुळईवर होती ती खांबावरून पाण्याबाहेर उचलता येई. तिथे माणसाला पाती हाताने साफ करता येत. खांबावर थर चढला तर चढू द्यावा. त्याचे वजन आणि लाटांचा वाढीव मारा आधीच हिशेबात धरता येतो.

उष्ण आणि थंड पाण्याच्या तापमानातल्या फरकावर चालणाऱ्या संयंत्रांत मात्र असे करता येत नाही. तिथे मिलिमीटरच्या अंशाएवढा चिकट थरही उष्णता अडवतो. हवाईतल्या प्रयोगांत उष्ण पाण्याच्या बाजूला दिवसातून एक तास, अब्जात सत्तर भाग एवढे क्लोरीन पुरले. खोलातून येणाऱ्या थंड पाण्याच्या बाजूला त्याची जवळपास गरजच पडली नाही. हेही विषच, पण गरजेपुरते आणि थांबवता येणारे. याहून साधी तोड केरळात विळिंजमला 1991 मध्ये सुरू झालेल्या दीडशे किलोवॅटच्या संयंत्राच्या रचनेत होती. लाट काँक्रीटच्या पोकळ कोठीत शिरते, आतली हवा दाबली जाते आणि त्या हवेवर टर्बाइन फिरते. कोठीच्या भिंतींना कालवे लागली तरी पात्यांना समुद्राचे पाणी टेकत नाही.