पोलिओ, एक आई आणि आपला उंबरठा

राजांच्या कारकीर्दी आणि लढाया एवढाच काही इतिहास नव्हे. घराच्या कोपऱ्यात बसून राहिलेल्या पांगळ्या मुलालाही इतिहास असतो. तापाचे निमित्त होऊन मुलाच्या पायांतली शक्ती गेली की ‘नशिबाचा भोग’ म्हणून त्याला घरी बसविण्याची रीत पूर्वी गावोगाव होती. ही रीत मोडण्यास मुंबईच्या एका आईने हातभार लावला. तिची हकीकत आपल्या मंडळाच्या भगिनींना ठाऊक असावी.

या बाई म्हणजे श्रीमती फातिमा इस्माईल. त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. त्यांनी तिला मद्रासचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. किणी यांच्याकडे नेले. पोलिओने मज्जातंतूंना इजा होते व स्नायू लुळे पडतात. परंतु जे स्नायू शाबूत राहतात त्यांना नेटाने व्यायाम दिला, पायाला लोखंडी पट्ट्यांचा आधार दिला, तर पुष्कळ मुले उभी राहू शकतात. आपल्या मुलीला जे लाभले ते इतरांच्या मुलांनाही लाभावे, या ओढीने बाईंनी 1947 साली मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी दवाखाना काढला. पुढे हाजीअलीला मुलांचे रुग्णालय उभे राहिले. 1958 साली सरकारने बाईंना पद्मश्री दिली.

1947 साली आपला बीड जिल्हा निजामाच्या राज्यात होता. पाटोद्याच्या आईला मुंबई म्हणजे परमुलूखच!

एकटीच्या जिद्दीला पुढे जगाची साथ मिळाली. 1955 साली संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने मुंबईत अपंगांच्या पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी अमेरिकेत डॉ. साल्क यांची लस गुणकारी ठरली. डॉ. सेबिन यांच्या तोंडावाटे द्यावयाच्या लशीची मोठी चाचणी तर रशियात झाली. दोन्ही देशांत वैर असतानाही शास्त्रज्ञांनी मुलांसाठी हात मिळविले! भारतात 1995 पासून मोहीम काढून डोस पाजले गेले. 2011 च्या जानेवारीनंतर देशात नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा रोगी आढळला नाही, आणि 2014 साली भारत पोलिओमुक्त ठरला.

रोग गेला, पण त्याने ज्यांचे पाय नेले ते बंधुभगिनी आपल्यातच आहेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारतींत त्यांना विनासायास जाता यावे अशी सोय पाच वर्षांत व्हावयाची होती. ती मुदत 2022 सालीच संपली. कायदा दिल्लीत होतो. पायरी मात्र आपल्या दारात असते.

एक फूट उंचीच्या पायरीसाठी बारा फूट लांबीचा उतार आणि धरावयास कठडा, एवढेच काम. आपली सभा जेथे भरते तेथूनच त्याचा आरंभ करू या. कुबडी घेतलेली भगिनी कोणाच्याही हाताचा आधार न घेता सभेला आली, तर हा वर्धापनदिन खऱ्या अर्थाने साजरा झाला असे म्हणता येईल.