बडोद्याच्या रेसिडेंटच्या सरबतात विष कुणी घातलं? एका महाराजांची गादी घालवणारी १८७४ ची केस

९ नोव्हेंबर १८७४ ची सकाळ. बडोद्याचा ब्रिटिश रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर फेरफटका मारून बंगल्यावर परतला. ऑफिसच्या खोलीत रोजच्यासारखा पपनसाच्या सरबताचा ग्लास ठेवलेला होता. त्याने दोन-तीन घोट घेतले आणि कामाला बसला. थोड्याच वेळात त्याला मळमळायला लागलं, डोकं गरगरायला लागलं. पपनस खराब निघालं असेल असं वाटून त्याने उरलेलं सरबत बाहेर फेकून दिलं. ग्लास खाली ठेवताना तळाशी काळपट गाळ दिसला आणि तो थबकला.

रेसिडेन्सीचे डॉक्टर सिवर्ड यांनी तो गाळ तपासला. पुढे तो मुंबईला सरकारी रासायनिक तपासनीस डॉ. ग्रे यांच्याकडे गेला. गाळात सापडलं सोमल, म्हणजे आर्सेनिक, आणि हिऱ्याची पूड.

फेअर वाचला. पण त्या न संपलेल्या ग्लासामुळे राणी व्हिक्टोरियाच्या काळातला हिंदुस्थानातला सगळ्यात गाजलेला विषप्रयोगाचा खटला उभा राहिला. आरोपी होते खुद्द बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड. आणि त्यांच्याविरुद्धचे मुख्य साक्षीदार होते पट्टेवाले, जमादार, आया आणि राजवाड्यातला एक कारभारी.

रेसिडेंट आणि महाराज यांचं बिनसलं कशावरून?

रेसिडेंट म्हणजे संस्थानात राहणारा ब्रिटिश सरकारचा प्रतिनिधी. कागदोपत्री सल्लागार, प्रत्यक्षात राजाच्या डोक्यावर बसलेला माणूस.

मल्हारराव गादीवर आले १८७० मध्ये, थोरले भाऊ खंडेराव वारल्यावर. त्याआधी याच भावाविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून ते पादऱ्याला कैदेत होते. म्हणजे कैदेतून थेट सिंहासनावर. खंडेरावांची विधवा राणी जमनाबाई तेव्हा गरोदर होत्या. मुलगा झाला असता तर मल्हाररावांचं राज्य तिथेच संपलं असतं, पण मुलगी झाली.

मल्हाररावांचा कारभार चांगला होता असं त्यांचे वकीलही म्हणू शकले नसते. प्रजेच्या तक्रारी, खंडेरावांच्या माणसांवर काढलेला सूड, उधळपट्टी. खंडेरावांनी चांदीच्या तोफा केल्या होत्या, यांनी सोन्याच्या ओतून घेतल्या. १८७३ मध्ये फेअर बडोद्यात आला आणि त्याने या तक्रारींची फाइल जाड करत नेली. सरकारने चौकशी समिती नेमली आणि महाराजांना मुदत दिली: ३१ डिसेंबर १८७५ पर्यंत सुधारा.

त्यासाठी मल्हाररावांनी दिवाण म्हणून आणलं दादाभाई नौरोजींना. तेच दादाभाई, जे पुढे ब्रिटिश पार्लमेंटमध्ये निवडून गेले. पण फेअरचं त्यांच्याशीही पटलं नाही. त्यात मल्हाररावांनी लक्ष्मीबाईंशी लग्न केलं, ऑक्टोबर १८७४ मध्ये त्यांना मुलगा झाला, आणि फेअर ते लग्न वैध मानायलाच तयार नव्हता. म्हणजे गादीचा वारसच धोक्यात.

२ नोव्हेंबरला महाराजांनी व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुकला खलिता पाठवला की हा रेसिडेंट बदला. बरोबर एका आठवड्याने सरबतात विष सापडलं.

ही तारीख दोन्ही बाजूंनी वापरता येते. सरकारी वकील म्हणाले, बघा, महाराजांना फेअर नकोच होता. बचाव पक्ष म्हणाला, ज्याच्या बदलीचा अर्ज नुकताच गेला आहे त्याला कोण कशाला मारेल? आणि गंमत म्हणजे नोव्हेंबर संपायच्या आत व्हाइसरॉयने फेअरला हलवलंही. त्याच्या जागी सर लुई पेली आला.

नोकर काय म्हणाले?

तपासासाठी मुंबईचा पोलीस कमिशनर फ्रँक साउटर आपली माणसं घेऊन बडोद्यात आला. डिसेंबरच्या शेवटी रेसिडेन्सीच्या पट्टेवाल्यांचा हवालदार रावजी फुटला. गुन्ह्याची माफी मिळणार या बोलीवर त्याने कबुली दिली: सरबतात पूड मीच टाकली, ती जमादार नरसूकडून माझ्याकडे आली, आणि रात्री राजवाड्यात नेऊन खुद्द महाराजांनी आम्हाला हे काम सांगितलं.

पुरावा म्हणून त्याच्या पट्ट्यात सोमलाची पुडी सापडली. अडचण एवढीच की रावजीला पकडल्यावर तो पट्टा दुसऱ्याच शिपायाकडे गेला होता, आणि पुडी शोधून काढली पोलीस अधिकारी अकबर अलीने. ती त्यानेच तिथे ठेवली, असा बचाव पक्षाचा रोख होता.

नरसूनेही कबुली दिली. त्याला माफी नव्हती. नंतर त्याने रेसिडेन्सीच्या आवारातल्या विहिरीत उडी घेतली, पण त्याला जिवंत बाहेर काढलं. आया अमीना हिने रात्रीच्या राजवाड्याच्या फेऱ्यांबद्दल सांगितलं. बटलर पेद्रो गोव्याचा. गावी जाण्यासाठी राजवाड्याकडून पैसे घेतल्याचं त्याने मान्य केलं, विषाशी संबंध असल्याचं मात्र साफ नाकारलं.

सगळ्यात वजनदार साक्ष होती महाराजांचा खासगी कारभारी दामोदरपंत याची. सोमल आणि हिरे महाराजांच्या हुकमावरून मीच मिळवले, असं तो म्हणाला. मात्र हे तो बोलला ते दोनेक आठवडे पहाऱ्यात काढल्यावर आणि माफीचं आश्वासन मिळाल्यावर.

(हिऱ्याची पूड खाल्ली की आतडी कापली जातात, हा समज तेव्हा राजवाड्यांपासून बाजारापर्यंत सगळीकडे होता. हिरा म्हणजे शुद्ध कार्बन, शरीरात तो विरघळतच नाही. त्या ग्लासात जीव घेऊ शकणारी गोष्ट एकच होती, सोमल.)

राजावर खटला कोण चालवणार?

इथे ब्रिटिशांपुढे पेच होता. संस्थानिकावर फौजदारी खटला चालवू शकेल असं कोर्टच नव्हतं. म्हणून सहा जणांचं कमिशन नेमलं, ज्याने शिक्षा द्यायची नाही, फक्त मत द्यायचं. तीन इंग्रज: सर रिचर्ड काउच, सर रिचर्ड मीड, पी. एस. मेलविल. तीन हिंदी: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे सवाई रामसिंग आणि मुत्सद्दी सर दिनकरराव.

महाराजांना जानेवारी १८७५ मध्येच अटक झाली होती. २३ फेब्रुवारीपासून बडोद्यात सुनावणी सुरू झाली. त्यांच्या बचावासाठी लंडनहून सार्जंट बॅलंटाइन आला, त्या काळातला नावाजलेला फौजदारी वकील. त्याच्या फीचीच तेव्हा केवढी चर्चा झाली.

बॅलंटाइनने पहिला घाव घातला खुद्द फेअरवर. विषात सोमल आणि हिऱ्याबरोबर तांबंही आहे, अशी गुप्त खबर मिळाल्याचं फेअरने कळवलं होतं. तपासणीत तांबं निघालंच नाही. मग ही खबर देणाऱ्याला इतकं कसं माहीत, आणि जे माहीत होतं ते चुकीचं कसं? फेअरचा खबऱ्या भाऊ पुणेकर महाराजांच्या विरोधकांपैकी होता, याकडेही त्याने बोट दाखवलं. त्याचा मुख्य मुद्दा साधा होता: कैदेत ठेवून, माफी दाखवून काढलेल्या कबुल्या एकमेकींना आधार देतात, पण त्या सगळ्या एकाच पोलिसांच्या हातून गेल्या आहेत.

निकाल: तीन विरुद्ध तीन

तिन्ही इंग्रजांनी आरोप सिद्ध झाला म्हटलं. तिन्ही हिंदी सदस्यांनी विषप्रयोगाचा आरोप सिद्ध झालेला नाही म्हटलं. पुरावा तोच, साक्षीदार तेच, आणि मतं कातडीच्या रंगाप्रमाणे सरळ दुभंगलेली.

आता सरकारने काय करायचं? लंडन आणि कलकत्त्याने तिसराच रस्ता काढला. १९ एप्रिल १८७५ च्या जाहीरनाम्याने मल्हाररावांना पदच्युत केलं. कारण दिलं गैरवर्तन, राज्याचा भोंगळ कारभार आणि सुधारणा करण्याची अपात्रता. कमिशनच्या निष्कर्षावर हा निर्णय आधारलेला नाही, असंही त्यात स्पष्ट म्हटलं. म्हणजे विषासाठी पकडलं आणि कारभारासाठी काढलं, तेही कारभार सुधारायला दिलेली मुदत आठ महिने बाकी असताना.

मल्हाररावांना मद्रासला नेण्यात आलं. १८८२ मध्ये ते तिथेच वारले. लक्ष्मीबाईंच्या मुलाला गादी मिळाली नाही.

जमनाबाईंना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. २७ मे १८७५ ला नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणा गावच्या शेतकरी घरातला बारा वर्षांचा गोपाळ बडोद्याच्या गादीवर बसला. हेच महाराज सयाजीराव गायकवाड तिसरे.

आणि फेअरच्या ग्लासात ती पूड कुणाच्या सांगण्यावरून पडली, याचा निकाल त्या तीन विरुद्ध तीनवरच अडकून राहिला.