औषधातली लबाडी पकडायची कोणी?

कांदिवलीचं बोगस लसीकरण आठवतंय ना? ३० मे २०२१. एका सोसायटीत ३९० जणांनी माणशी १,२६० रुपये मोजून लस घेतली. कुणाला ताप नाही, अंगदुखी नाही. प्रमाणपत्रं आली तीही वेगवेगळ्या रुग्णालयांच्या नावांची. रहिवाशांना संशय आला, ते पोलिसांकडे गेले. मुंबईत अशी २,०५३ माणसं फसवली गेल्याचं पुढे सरकारनेच उच्च न्यायालयात सांगितलं.

मला अशा वेळी जे. जे. रुग्णालय आठवतं. १९८६च्या जानेवारी-फेब्रुवारीत तिथे १४ रुग्ण दगावले. उपचारासाठी दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे विष होतं. मूत्रपिंडं निकामी झाली. चौकशीला न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा आयोग बसला. तो बाटलीपाशी थांबला नाही. औषधखरेदी, परवाने, मंत्र्यांचा हस्तक्षेप, सगळं अहवालात आलं. १९८८ साली आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पायउतार व्हावं लागलं.

त्यातून मला कळलं ते एवढंच: भेसळ बाटलीत उतरण्याआधी कागदावर झालेली असते. तो कागद वाचणारी माणसं लागतात. औषध निरीक्षक, तपास करणारे पोलीस, सरकारी वकील. आपल्याकडे फार्मसी आणि वकिली शिकणारी पोरं ढिगाने आहेत; या कामाकडे किती वळतात?

कांदिवलीकरांची सावधगिरी कौतुकाचीच. पण सगळा भार रुग्णावर टाकून कसं चालेल? जे. जे.मधल्या पेशंटला बाटली बघून थोडंच कळणार होतं!