पोटातली चौदा इंजेक्शने : एका भीतीचा इतिहास

कुत्रा चावलेला रुग्ण दवाखान्यात आला की पहिला प्रश्न हमखास ठरलेला असतो : "डॉक्टर, पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतील का?" विचारणारा पंचविशीतला तरुण असला, तरी प्रश्न त्याच्या आजोबांच्या काळातला असतो. ही इंजेक्शने आपल्या देशातून जाऊन वीस वर्षे झाली, पण त्यांची भीती मात्र अजून मुक्कामाला आहे. म्हणून ती कुठून आली, हे आज पाहू.

आधी मारणे, मग लस

पिसाळलेल्या कुत्र्यांवर जुन्या काळी एकच उपाय होता, तो म्हणजे कुत्री मारणे. मुंबईत इंग्रज सरकार भटकी कुत्री मारत असे. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक महत्त्व आहे. त्यामुळे जून 1832 मध्ये या मोहिमेवरून मुंबईच्या कोटात चक्क दंगल झाली! कुत्री मारूनही रोग मात्र राहिलाच.

6 जुलै 1885 रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांच्याकडे जोसेफ माइस्टर हा नऊ वर्षांचा मुलगा आणला गेला. पिसाळलेल्या कुत्र्याने त्याला अनेक ठिकाणी चावे घेतले होते. रेबीज झालेल्या सशाचा मज्जारज्जू वाळवून पाश्चर यांनी लस बनवली होती. ती सुमारे दहा दिवसांत तेरा वेळा टोचली आणि मुलगा वाचला. रोज एक, असे बरेच दिवस टोचण्याची पद्धत इथून सुरू झाली.

कसौली ते परळ

भारतात 1900 साली हिमालयातील कसौली येथे पाश्चर इन्स्टिट्यूट सुरू झाली. तेथे डेव्हिड सेंपल यांनी 1911 मध्ये नवी लस तयार केली. मेंढीच्या मेंदूत रेबीजचे विषाणू वाढवायचे आणि कार्बोलिक ॲसिडने ते मारायचे, अशी ही पद्धत. लस स्वस्त होती आणि देशातच बनू शकत होती. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेतही ती तयार होत असे.

पण या लसीची ताकद कमी, म्हणून डोस जास्त. एका वेळचे औषधही बरेच असे. ते मावायला सैल आणि ऐसपैस कातडी हवी, म्हणून जागा निवडली पोटाची. पोटावर चौदा इंजेक्शने घेण्यामागचे कारण एवढेच! पोटाचा आणि रेबीजचा दुसरा काही संबंध नाही. मेंदूच्या पेशींमुळे क्वचित कुणाला अर्धांगवायूसारखा त्रासही होई. तरीही या लसीने लाखो लोकांना आधार दिला, हे विसरून चालणार नाही.

पुढे पेशींवर वाढवलेल्या शुद्ध लसी आल्या आणि 2005 पर्यंत भारतात मेंढीच्या मेंदूची लस बंद झाली. आता दंडात, कातडीत किंवा स्नायूत, चार-पाच भेटींत काम होते : कातडीतली लस 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी, स्नायूतली असल्यास 14 व्या दिवशी आणखी एक. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते.

खरा धडा कुत्र्याच्या लसीचा

माणसाला होणारा रेबीज जवळजवळ नेहमी कुत्र्याकडूनच येतो. म्हणजे लस आधी कुत्र्याला हवी. जपानने 1920 च्या दशकातच कुत्र्यांना सरसकट लस द्यायला सुरुवात केली. 1957 नंतर तेथील प्राण्यांत हा रोग पसरलेला नाही. आपल्या शेजारच्या गोव्याने कुत्र्यांचे मोठ्या प्रमाणावर लसीकरण केले आणि 2021 मध्ये ते देशातील पहिले 'रेबीज नियंत्रित' राज्य जाहीर झाले. जागतिक आरोग्य संघटना सांगते, शंभरांतल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली तर साखळी तुटते. मारून जे साधले नाही, ते लसीने साधले.

गुंजवण्यासारख्या गावात राखणीचा कुत्रा वाड्यात, शेतात, रानात मोकळा फिरतो. राजगड चढणाऱ्यांच्या मागे बिस्किटासाठीही कुत्री जातात. 'आमचा कुत्रा घरचाच आहे' या वाक्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही.

लक्षात ठेवा

- कुत्रा आणि मांजर, दोघांनाही तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लस द्या. पशुवैद्यकांच्या सल्ल्याने बूस्टर आणि मग दरवर्षी एक.
- चावा किंवा ओरखडा, लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा. चुना, हळद, तिखट लावू नका.
- पिल्लाचा किंवा मांजराचा ओरखडा असला तरी त्याच दिवशी दवाखान्यात या. प्राण्यावर दहा दिवस लक्ष ठेवा, पण त्यासाठी लस लांबवू नका.
- जखमेतून रक्त आले असेल तर जखमेत द्यायचे वेगळे इंजेक्शनही लागते. डॉक्टरांना विचारा.

रेबीजची लक्षणे दिसू लागली की उपचार जवळपास हाती राहत नाहीत. ती दिसायला मात्र बहुधा काही आठवडे ते महिने लागतात, आणि तेवढ्या अवधीत लस आपले काम करते. जुन्या चौदा सुयांना घाबरून हा वेळ वाया घालवू नका.