लॅपटॉपची बिनतारी जोडणी व तिची पडताळणी

जवळचा लॅपटॉप तारेवाचून इंटरनेटशी जोडता येतो की नाही, हे ठरविण्याची क्रिया. वरवर एकच भासणाऱ्या या प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेले आहेत : यंत्रात रेडिओ तरंगांच्या प्रेषणाची व ग्रहणाची सोय आहे काय, समोरच्या केंद्राशी त्याची पद्धती जुळते काय आणि त्या केंद्रापलीकडे इंटरनेट खरोखर आहे काय. इतिहासात ते साधारणपणे याच क्रमाने पुढे आले.

संगणकांमधील रेडिओ संपर्काचा आद्य प्रयोग हवाई विद्यापीठात नॉर्मन एब्रमसन यांच्या नेतृत्वाखाली झाला. तेथील ‘अलोहानेट’ १९७१ मध्ये सुरू झाले. घरगुती वापराचा मार्ग मात्र १९८५ साली मोकळा झाला. त्या वर्षी अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने काही कंप्रता-पट्टे अशा संपर्कासाठी परवान्यावाचून खुले केले. त्यांपैकी २,४०० मेगॅहर्ट्झचा पट्टा सूक्ष्मतरंग भट्ट्यांच्या गोंगाटामुळे जवळजवळ टाकाऊ समजला जाई. १९९७ मध्ये ८०२.११ हे मानक प्रसिद्ध झाले. त्याचा वेग सेकंदाला अवघा १ ते २ मेगॅबिट होता. १९९९ मध्ये तो ११ मेगॅबिटांवर गेला व ‘वाय-फाय’ हे नाव रूढ होऊ लागले.

जुलै १९९९ मधील ॲपलच्या ‘आयबुक’मध्ये आकाशक (अँटेना) बसविलेला असे, परंतु रेडिओ कार्ड ९९ डॉलर देऊन वेगळे घ्यावे लागे. ते आहे की नाही, हे कळफलक उचलून पाहावे लागे. इतर लॅपटॉपांच्या कडेच्या खाचेत असे कार्ड सरकवीत. मार्च २००३ मध्ये इंटेलने ‘सेंट्रिनो’ योजना आणल्यावर ही सोय यंत्रातच अंतर्भूत होऊ लागली आणि पहिला प्रश्न बराचसा मागे पडला. अर्थात कडेची लहानशी कळ बंद राहिल्यामुळे नादुरुस्त ठरविलेली यंत्रेही थोडी नसावीत.

केंद्र आपले नाव सेकंदाला सुमारे दहा वेळा प्रक्षेपित करते व लॅपटॉप एकेक मार्गिका चाळून ते टिपतो. केवळ ५ गिगॅहर्ट्झवर चालणारे केंद्र फक्त २.४ गिगॅहर्ट्झ जाणणाऱ्या यंत्राला दिसतच नाही. नवी सांकेतिक सुरक्षा नसलेल्या जुन्या कार्डाला नाव दिसते, पण प्रवेश मिळत नाही. भारतात २.४ गिगॅहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला.

तिसरा प्रश्न सर्वांत फसवा होय. पूर्वी पडद्यावरील चिन्ह केंद्राशी जडलेला संबंध व तरंगांची तीव्रता एवढेच दर्शवी. २००७ मध्ये सर्वत्र विक्रीस आलेल्या ‘विंडोज व्हिस्टा’ प्रणालीत एक साधी युक्ती योजण्यात आली : जोडणी होताच यंत्र मायक्रोसॉफ्टच्या एका संगणकाकडून छोटी मजकूर-फाइल मागविते. ठरलेले शब्द जसेच्या तसे आले, तर इंटरनेट आहे असे समजले जाते. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर सुरू झालेल्या मोफत सेवेसारख्या ठिकाणी प्रथम मोबाइल क्रमांक देऊन सांकेतिक अंक भरावे लागत. अशा ठिकाणी अपेक्षित मजकुराऐवजी प्रवेशाचे पान हाती येते व अडथळा ओळखता येतो. उलट, एखाद्या कार्यालयाच्या जालात नेमका तो दूरचा संगणक रोखलेला असेल, तर इतर सर्व संकेतस्थळे सुरळीत उघडत असतानाही ‘इंटरनेट नाही’ असे चिन्ह दिसत राहते.